हत्यारं पाटावर, मोटार वंटमुरीच्या घाटात

दसऱ्याला मोटार घेऊन निपाणीला जायचं कुणाच्या मनात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. खंडेनवमीला पुजलेली हत्यारांची पेटी पाटावरून उचला आणि गाडीत टाका. देवाची माफी मागाहून मागता येते. मी तसं केलं नाही. बेळगाव ते निपाणी हे पन्नासेक मैल एरवी अडीच तासांत होतात, त्यापायी मला दिवस मावळला.

जायचं ठरलं ते मामाच्या पत्रामुळं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निपाणीत त्याची तंबाखूची वखार आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, मी हटून बसले, आणि आईनं माझी बाजू घेतली. मामा भरल्या ताटावरून उठला तो पुन्हा आमच्या उंबऱ्याला शिवला नाही. मधे बाबा गेले, तेव्हाही स्मशानातूनच परस्पर निपाणीला गेला. आईही तशीच हट्टी. "मी थोरली. मी का जाऊ? येईल त्याचा तो," एवढं बोलून तिनं त्याचं नाव टाकलं होतं. मी नोकरीला लागले, बाबांची मोटार चालवायला शिकले, पण खरं सांगते, माझ्यापायी दोन भावंडं तुटली हे नऊ वर्षं माझ्या छातीवर बसलेलं होतं.

आणि यंदा नवरात्रात पत्र आलं. चारच ओळी. "आक्का, यंदा सोनं पहिल्यांदा तुला देणार, मग गावाला. दसऱ्याला ये. दिवस मावळेपर्यंत वाट बघतो. आली नाहीस तर समजेन, तुझं माझं सरलं."

आईनं ते तीनदा वाचलं आणि पेटीत ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी गाडी घाट चढंल काय गं?"

मी म्हटलं, चढेल नाहीतर मी ढकलेन!

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गाडी धुतली, पूजा केली आणि झेंडूचा हा एवढा जाड हार पुढं बांधला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याची सुतळी बॉनेटखालून आत ओवली आणि आतल्या सळईला गच्च गाठ मारली. स्वतःच्या हातानं मारली, त्यामुळं दोष कुणाला देऊ? पान्हे, पक्कड, जॅक सगळं हळदकुंकू लावून देवघरासमोर पाटावर मांडलेलं होतं. शिलंगण होईपर्यंत ते हलवायचं नाही, हा बाबांचा नियम. जेवून अकराला निघालो. मागच्या सीटवर पेट्रोलचा दोन गॅलनचा डबा (वाटेत सगळीकडं मिळेलच याचा भरवसा धरू नका), पाण्याच्या दोन कळश्या आणि मामासाठी खव्याच्या कुंद्याचा डबा. आई पुढं माझ्या शेजारी, पदर खोचून, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून.

काकतीपर्यंत रस्ता झकास आहे. पावसाळ्यात पडलेले खड्डे खडी घालून बुजवलेत, दोन्ही बाजूंना जोंधळा पुरुषभर उभा. वंटमुरीचा घाट सुरू झाला आणि दुसऱ्या वळणावर पुढच्या रेडिएटरच्या टोपणातून वाफ निघायला लागली. मी गाडी कडेला घेतली. टोपण लगेच उघडू नका, हात भाजेल. अर्धा तास थांबून, ओलं फडकं घालून उघडलं. पाणी निम्मं उडालेलं. एक कळशी ओतली, वर चढलो, पुन्हा तेच. दुसरी कळशी ओतली.

"नुसतं पाणी पाजून काय होणार? रोग काय त्याचा ते बघ की," आई म्हणाली. बाबा डॉक्टर होते, ती डॉक्टराची बायको, हे मी विसरलेच होते.

मग मी शाळेत गणित घालते तसं मांडलं. पाणी गळतंय का? खाली वाकून पाहिलं, रस्ता कोरडा. रबरी नळी फुटली? बॉनेट एका बाजूनं उचलून पाहिलं, नाही. तेल कमी? काठी घालून पाहिली, बरोबर. मग घोडं पेंड खातंय कुठं? घाटमाथ्यावरून उताराला लागलो आणि मला दिसलं, की गाडी पळायला लागली की उष्णतेचा काटा उतरतो, हळू झाली की चढतो. म्हणजे पाणी ठीक, वारा नाही. पळताना समोरचा वारा मिळतो, चढावर तो पंख्यानं द्यायचा असतो. गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून बॉनेट पुरतं उघडलं. पंखा ढिम्म. पट्टा तुटून खाली लोंबत होता, आणि पंख्याच्या दांड्यावर माझीच सुतळी, मोकळं टोक आत ओढलं जाऊन, झेंडूच्या पाकळ्यांसकट पन्नास वेढे घेऊन बसली होती. एक पातंही वाकलं होतं.

"अगं बाई!" आई म्हणाली. मला रडूच आलं, रागाचं. चाकू नाही, पक्कड नाही, पान्हा नाही. सगळं बेळगावात पाटावर, कुंकू लावून!

उतारानं, बरीचशी वाट इंजिन बंद ठेवून, यमकनमर्डीच्या अलीकडं आलो. रस्त्याला लागूनच लोहाराचं घर. भात्याला आंब्याच्या पानांचं तोरण, ऐरणीवर झेंडू, आणि हातोडे, सांडशी, पकडी ओळीनं मांडून हळदीनं माखलेल्या. भरमाण्णा लोहार पन्नाशीचा, नवा पटका बांधून ओट्यावर बिडी ओढत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"बाई, लई वाईट झालं. पण आज न्हाय जमायचं," तो शांतपणानं म्हणाला. "हत्यार पुजलंया. सांजच्याला शिलंगण झाल्याबिगर उचलत न्हाय. माझ्या आज्जानं उचललं न्हाय, बानं न्हाय."

मी म्हटलं, तिप्पट मजुरी देते. तो नुसता हसला. अडला हरी म्हणतात तशी मी हात जोडले, आईची सगळी हकीकत सांगितली. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण मान हलेना. अडीच वाजत आले होते. एक पक्कड, दहा मिनिटं, एवढाच प्रश्न! माझं डोकं फिरलं. मी सरळ ऐरणीकडं गेले आणि तिथल्या हत्यारांतली लहान पक्कड उचलायला वाकले.

"खबरदार!"

भरमाण्णा नव्हे, आई ओरडली. माझ्या सगळ्या जन्मात तिनं मला असा आवाज दिला नव्हता.

"त्याचा देव बाटवून मला माझ्या भावाकडं जायचं न्हाई," ती म्हणाली. "न्हाई पोचलो तर न्हाई. त्याचं माझं सरलं असंल तर सरलं." आणि तिथंच ओट्याच्या पायरीवर मटकन बसली.

मी ओशाळले. भरमाण्णानं बिडी तोंडातून काढली आणि तो उठला. "आक्का, हत्यार पुजलंया. हात न्हाय पुजलं. चला, बघू तरी."

आता पुढचं नीट वाचा, कधी उपयोगी पडेल. इंजिन पार निवलं होतं. त्यानं बिडीचं पेटतं टोक सुतळीला लावलं. मी किंचाळले, पेट्रोल आहे म्हणून! "ते लांब हाय की," म्हणत त्यानं एका हाताचा आडोसा धरला आणि एकेक वेढा जाळत गेला. मी नखांनी आणि आईच्या केसांतल्या आकड्यानं उरलेलं उकरून काढलं. तुम्ही मात्र बिडी वापरू नका. चाकू जवळ ठेवा. वाकलेलं पातं त्यानं दोन्ही अंगठ्यांनी दाबून सरळ केलं. त्याचे अंगठे पाहून मी आईला हळूच म्हटलं, ह्यांना हत्यार लागतंच कशाला?

राहिला पट्टा. तो चामड्याचा, दोन ठिकाणी जळलेला. भरमाण्णानं बायकोला हाक मारली आणि तिनं परड्यातून मोटेचा एक जुना दोर आणून दिला. विहिरीवर चाकावर फिरून फिरून मऊ झालेला, करंगळीएवढा. तयार पट्टा घालायचा तर पंखा सैल करावा लागतो आणि त्याला पान्हा हवा. हा दोर मात्र सुटाच खालच्या चाकाखालून घेऊन वर पंख्यावर आणला, आणि दोन्ही टोकांचे पीळ उकलून एकमेकांत विणले. गाठ नाही काही नाही. गाठ असती तर चाकावर ठोकर बसली असती. एवढं त्यानं खाली मान घालून, घाम गाळत, पाऊण तास केलं. आई तोवर पदरानं वारा घालत उभी होती.

"ढिला वाटतोय हो," मी म्हटलं.

"भिजवा. दोर भिजला की आवळतुया. सुकला की पुन्यांदा भिजवा."

गाडी चालू केली. पंखा फिरला! त्याचा वारा तोंडावर आला आणि मी लहान पोरीसारखी ओरडले. पैसे घेईना. आईनं कुंद्याच्या डब्यातला निम्मा कुंदा त्याच्या बायकोच्या पदरात घातला.

चार वाजून गेले होते. हत्तरगीला एरवी नक्की थांबावं, तिथं गरम उप्पीट आणि फक्कड चहा मिळतो, पण आम्ही कळश्या भरून घेतल्या आणि निघालो. दर चार मैलांवर थांबायचं, बॉनेट उघडायचं, तांब्याभर पाणी दोरावर ओतायचं. संकेश्वरला हिरण्यकेशी नदीवर पुन्हा कळश्या भरल्या. गावागावांतून लोक नवे कपडे घालून, ढोल वाजवत, सोनं लुटायला शिवेकडं चालले होते. आई त्यांच्याकडं न बघता सूर्याकडं बघत होती. "अजून हातभर हाय," म्हणायची. मग "वीतभर हाय." मग नुसती दोन बोटं दाखवायची.

तवंदीचा घाट चढताना दोर सुकून घसरायला लागला. पंखा कुईं कुईं करी. मी पहिल्या गिअरमध्ये, ओठ चावत, गाडीला उघड उघड शिव्या देत चढत होते. मास्तरीण आहे, पण शिव्या मला येतात. सूर्य डावीकडच्या डोंगराआड गेला होता. माथ्याच्या थोडं अलीकडं वाफ आली. थांबले. शेवटचं पाणी निम्मं टोपणात, निम्मं दोरावर. आई खाली उतरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"मावळला गं," ती म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात वरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. एक गाडी माथ्यावरून आमच्या बाजूला उतरत होती आणि गाडीवान घाईघाईनं बैल हाकत होता. गाडी थांबायच्या आत एक म्हातारा दिसणारा माणूस त्यातून उडी मारून उतरला. जरीचा रुमाल, अंगात कोट, हातात आपट्याची फांदी. मी मामाला ओळखलं नाही, इतका तो वाळला होता. आईनं ओळखलं.

दोघंही दहा पावलांवर थांबली. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार.

"सकाळपास्नं फाटकात उभा होतो," मामा म्हणाला. आवाज चढलेला, पण फाटलेला. "म्हटलं, ही न्हाई यायची. मग म्हटलं, निघाली असंल आणि घाटात अडकली असंल तर? मग काय करू, आक्का? बसून ऱ्हाऊ?"

आणि फांदीवरची पानं ओरबाडून, तिच्या हातात कोंबून, भर रस्त्यात तो तिच्या पायांवर वाकला. आईनं त्याला वाकू दिलं, पुरतं. मग उठवलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "किती रे वाळलास!" त्यानंतर दोघंही रडली, मीही रडले, आणि गाडीवान बैलांना उगाचच पाठीवर थोपटत राहिला.

मग मामा माझ्याकडं वळला. मी वंगणानं कोपरापर्यंत काळी. सोनं द्यायला वाकले तर म्हणाला, "मागनं. आधी सांग, हे चालंल काय निपाणीपर्यंत?"

"माथा जवळच आहे मामा, पुढं उतार. चालेल."

"मग मी ह्यातनंच येतो," असं म्हणून तो मागं चढून बसला. उतरताना प्रत्येक वळणावर त्यानं माझ्या सीटची पाठ घट्ट धरली होती आणि "सावकाश गं पोरी, सावकाश" म्हणत होता.

निपाणीत तीन दिवस राहिलो. रात्री बहीणभाऊ काय बोलत बसायचे मी विचारलं नाही. तिथल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात नवा पट्टा बसवून घेतला. दुकानदारानं तो दोर हातात धरून चार जणांना दाखवला. परतीला बेळगावात अडीच तासांत आलो, काटा जागचा हलला नाही.

आता काय राहिलं म्हणाल तर, मी घरी येईपर्यंत समजत होते की उशिराची ती पाचेक तासांची फरफट वाया गेली. वेळेवर पोचलो असतो तर मामा आपल्या ओट्यावर लोडाला टेकून बसला असता, आणि आई त्याच्या दारात पायऱ्या चढून गेली असती. सोनं मिळालं असतं, गोडधोड झालं असतं, आणि कोण कुणाच्या दारी गेलं हे आईला जन्मभर टोचलं असतं. हे मला घरी आल्यावर कळलं.

दारातच शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "काय हो, गेलात म्हणे शेवटी भावाकडं?"

आईनं कळशी खाली ठेवली.

"मी कुठली जाते?" ती म्हणाली. "तोच घाट चढून आला."