हात आडवा येईपर्यंत

चुलीमागच्या भिंतीले काजळी कवा धरते, कोणी पाहते का? एक दिवस सहज बोट लावावं, तर बोट काळं. आमच्या खानावळीतले किस्से असेच साचले. कोणी साचवले नाहीत. आज बोट लावून पाहते, काय येते हाताले.

खानावळ आमची कारंजाची, कापसाच्या जिनाच्या रस्त्यावर. हंगामात मानोरा, धनज, इंझोरीकडचे बंडीवाले बैल जुपून कापूस घेऊन येत, जिनात माल टाकत, आमच्याकडं जेवत आणि मागच्या दोन खोल्यांत आडवे होत. सुरू केली माह्या आजेसासूनं, नवरा गेल्यावर. मंग खानावळ सासूकडं आली. पुरुष आमचे बाजार आणत, खाटा टाकत. खानावळ मात्र बायकांची, सासूकडून सुनेकडं चालत आलेली.

रीत एकच. जेवणाऱ्याले काही विचारायचं नाही. ना "काय घेता", ना "आणखी वाढू का". पळसाचं पान मांडलं की ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पोट भरलं की माणसानं डावा हात पानावर आडवा धरायचा. तोवर वाढणारी थांबत नाही. आणि शेवटचा हात आडवा झाल्याशिवाय पंगत उठत नाही.

•

एकदा पुण्याकडचे एक कारकून जेवायले आले. टोपी, कोट, बोलणं एकदम मऊ.

"पुरे, बाई, पुरे," ते म्हणाले. सासूनं भाकरी वाढली.

"अहो, नको, खरंच नको." सासूनं वरण वाढलं.

बाजूचे बंडीवाले खाली मान घालून जेवत होते. खांदे हालत होते त्यांचे, पण रीत कोणी सांगितली नाही. आणि कारकून असे सज्जन, की पानात टाकायचं नाही म्हणून खात गेले. शेवटी घाम पुसून म्हणाले, "बाई, मी किती वेळा नाही म्हणालो!"

"तोंड सगळ्याइचंच नाई म्हनते," सासू म्हणाली. "हात कुठी हाय तुमचा?"

त्या दिवशी त्यांची स्टँडवरची मोटार चुकली, आणि ते मागच्या खोलीत पडून राह्यले. पुढच्या खेपेले आले, तर जोडे काढायच्या आधी डावा हात आडवा.

•

इंझोरीचे दोन भाऊ होते. बांधावरून भांडलेले, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. पण खानावळ कोणालेच सुटत नव्हती. एक दिवस दोघं एकाच पंगतीत आले. एक या टोकाले, दुसरा त्या टोकाले.

सगळ्यांचे हात आडवे झाले, या दोघांचे नाही. धाकटा मोठ्याच्या हाताकडं पाहे, मोठा धाकट्याच्या. आधी हात धरला तो हरला. भाकरी गळ्याशी आली, पण एक जण मानत नाही.

ओसरीवर रहीमचाचा जेवत होता. खोल्यांतल्या गाद्या पिंजायले तो दर साली येई. तो म्हणाला, "भाभी, इनका फैसला कोर्ट में नहीं होनेवाला. तुम्हारा आटा ख़तम होगा तब होगा."

सासूनं टोपली खाली ठेवली. धाकट्याले उठवून मोठ्याच्या बाजूले बसवलं. मंग आपलेच दोन्ही हात दोघांच्या पानांवर आडवे धरले. "झालं. दोघंबी हरले. उठा आता."

दोघं एकाच तांब्यानं हात धुवून गेले.

•

आता माही गोष्ट. भाकरी मी थापायची, वरण मी करायची. वाढणं मात्र सासूचं. ते सुनेकडं कवा जायचं, त्याचीही रीत होती. सासू स्वतः पंगतीत जेवायले बसली, की पळी सुनेची.

आजेसासू बसली तो दिवस सासूनंच मले सांगितला. एक भाकरी खाल्ली, वर अर्धी, आणि सगळ्यांच्या आधी हात आडवा. अख्ख्या पंगतीनं पाह्यलं. "वरन बरं होतं," एवढंच बोलली.

"पळी देल्ली तिनं," सासू म्हणे, "पन तो हात मले अजून दिसते."

माह्या पोरी लग्नाच्या झाल्या, तरी पळी सासूकडंच. मंग तिचे गुडघे गेले. नवरा मले म्हणाला, "मायनं पळी ठेवली का खानावळ बंद. तुह्यानं पंगत सांभाळनं होत नाई."

मी परातीकडं वळली. त्या दिवशीच्या भाकरी मात्र जाड झाल्या.

•

तेवढ्यात मोटार स्टँडपाशी टेबल-खुर्च्यांचं हॉटेल निघालं. नवऱ्याच्या डोळ्यांत तेच. "आपुनबी टेबलं आनू, पंगतच नको," म्हणे.

धनजचा किसन आमचा जुना बंडीवाला. तो गंमत म्हणून तिकडं गेला. ताट आलं, खाल्लं, रिकामं झालं. किसन मांडीवर हात ठेवून बसला. बसला तो बसलाच. बाकीचे येऊन, जेवून गेले.

शेवटी मालक आला. "झालं ना तुमचं?"

"झालं कसं? हात कुठी आडवा केला मी?"

"अहो, पाहिजे होतं तर मागायचं."

"जेवाले मागू?" किसन उठला आणि सरळ आमच्या ओसरीवर आला. सासूनं पान मांडलं. त्याचा हात आडवा होईपर्यंत वाढत राह्यली. मंग म्हणाली, "काहून रे, खुर्चीवर बसला होता म्हने?"

"बसलो होतो मावशी. पायबी अधांतरी, पोटबी अधांतरी."

नवऱ्यानं टेबलाचं नाव पुन्हा काढलं नाही. माय थकली का खानावळ बंद, हे मात्र सोडलं नव्हतं.

•

हंगाम सरत आला होता. ओसरीवर पंगत बसली होती. सासूनं पळी चुलीच्या काठावर ठेवली, पाय धुतले, भिंतीले धरत धरत गेली आणि किसनच्या बाजूले मांडी घालून बसली.

नवरा दारात उभा. मी पळी उचलली.

पहिली भाकरी तिनं खाल्ली. दुसरी वाढली, ती अर्धी झाली. मी तिच्याकडं पाह्यलं नाही. वरण घेऊन पुढं गेली. परत आली, तर दुसरी संपली होती. तिसरी वाढली. घरी सांजेले अर्ध्या भाकरीत उठणारी बाई ती.

एकेक करून सगळ्यांचे हात आडवे झाले. किसनचा झाला. पलीकडं रहीमचाचाचा झाला. सासू चटणीले बोट लावून जेवतच होती.

"बहू," रहीमचाचा म्हणाला, "सास का हाथ सो गया क्या?"

"मावशी," किसन म्हणाला, "बैल जुपायचे हायत."

"उभे राह्यतीन बैल," सासू म्हणाली. डावा हात मांडीवरच होता. तिनं दारातल्या लेकाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"वाढ व."