चर खोदून गेलेली माणसं

रनाळ्यापासून कळसाडीपर्यंत जिथं जिथं शेतकऱ्यांच्या बैठकीत मला बोलायला बोलावलं, तिथं मी एका गावाची गोष्ट सांगितली. ते गाव आपल्याकडचं नाही. इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या काठावर ते वसलेलं आहे, आणि त्यातली बहुतेक घरं कोकणातून गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांची आहेत. तरुणपणी ठिबक सिंचन आणि सहकारी शेती शिकायला मी तिथं काही महिने राहिलो होतो. तापीकाठच्या आमच्या गावात पाण्याची सहकारी संस्था उभी राहिली ती या गोष्टीच्या जोरावर, असं अजूनही लोक म्हणतात.

पण ती गोष्ट मी कायम मधूनच सुरू करत आलो. तिचा पहिला भाग मला माहीत होता आणि तो मी गाळला. आता संस्थेच्या पंपघरावर एक दगड बसवायचा आहे. त्यावरचा मजकूर लिहायचं काम तरुण मंडळींनी माझ्याकडे दिलं आहे, कारण संस्था उभी करणाऱ्यांतला मीच काय तो उरलो. मजकूर लिहायच्या आधी सगळी गोष्ट पहिल्यापासून लिहून ठेवतो.

त्या गावात मी ज्या घरी उतरलो ते एका वयस्कर जोडप्याचं होतं. नवरा कमी बोलायचा. बायको मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, तू खानदेशातला ना? मग तुला तिखट चालेल. इथली पोरं मिरची बघून पळतात." मी तिला मावशी म्हणू लागलो. तिच्या आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. धर्माप्रमाणे शनिवार सुट्टीचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाण्याचा बैल शनिवारी दारात उभा दिसला की शेजाऱ्यांना वार कळायचा, असं ती सांगायची.

गावाची रीत अशी होती. प्रत्येकाचं घर वेगळं, शेत वेगळं, शेतातला नफातोटा ज्याचा त्याचा. पाणी मात्र सगळ्यांचं मिळून. ट्रॅक्टर, खतांची खरेदी, मालाची प्रतवारी, विक्री, सगळं एकत्र. कुणी आजारी पडलं तर त्याच्या शेतातली ढोबळी मिरची दुसरे तोडून आणायचे, आणि त्याबद्दल आभार मानणं वगैरे काही नसायचं. सभेत मात्र असे भांडायचे की मी पहिल्यांदा घाबरून बाहेर येऊन बसलो. मावशी मागोमाग आली. म्हणाली, "बस रे आत. इथं माणूस भांडला नाही तर लोक विचारतात, बरं नाही का म्हणून."

मला ते गाव फार आवडलं. आजही आवडतं. खारट मातीत, नळीच्या एकेका थेंबावर त्यांनी जे पिकवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळी कामं थांबायची, अंगणात खुर्च्या यायच्या, आणि दिवसभर एकमेकांवर ओरडलेली माणसं शेजारी बसून दाणे खायची. सहकार म्हणजे काय ते मी वर्गात शिकलो नाही, त्या अंगणांत शिकलो.

माझी परतायची वेळ जवळ आली तेव्हा गावाच्या स्थापनेचा दिवस आला. मावशीनं सकाळपासून मलिद्याची तयारी मांडली. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलदोडा, मनुका, वर फळं. आपल्याकडच्या माणसाला तो प्रसादच वाटेल. त्यांच्या ज्यू प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली, ताटं वाटली गेली, आणि मग मावशीनं एक ताट उचललं नि मला म्हणाली, "चल."

गावाच्या मागे झाऊच्या झाडांची एक जुनी रांग होती. तिच्या टोकाला सिमेंटची पडकी टाकी. टाकीच्या कठड्यावर तिनं मूठभर मलिदा ठेवला.

"हे कुणासाठी?"

"आमच्या आधीच्या लोकांसाठी."

मी समजत होतो की हे गाव याच लोकांनी वसवलं. मावशीनं तिथंच उभं राहून मला सांगितलं. त्यांच्या आधी इथं दुसरं गाव होतं. युरोपातून आलेली तरुण मुलंमुली. कितीतरी जणांचं मागं घरदार, आईबाप, कुणीच उरलेलं नव्हतं. ते आधी तंबूत, मग पत्र्याच्या घरांत राहिले, त्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून ही झाडं लावली, ही टाकी बांधली. विहिरीचं पाणी खारट निघालं. पिकं जळाली. लढाई झाली, त्यात काही गेले. लांबून गोड्या पाण्याची नळी येणार असं सरकार सांगत होतं, म्हणून त्यांनी नळीसाठी दगडात चर खोदायला घेतला आणि टाकीपर्यंत आणला. नळी काही आली नाही. एकेक जण निघून गेला आणि गाव ओस पडलं.

"मग आम्हाला ट्रकात घालून आणलं," मावशी म्हणाली. "उतरा म्हणाले. आम्ही म्हटलं, कुठं? तर म्हणे हेच गाव! पत्र्याची घरं नि ही एवढी झाडं. मी नवी नवरी, मी काही उतरेना. पण सासूबाई उतरल्या, मग मी काय करते?"

मावशीला मिळालेल्या घराच्या खिडकीत आधीच्या कुणाचा तरी चहाचा पेला तसाच राहिला होता. तो तिनं फेकला नाही. पुढे वर्षभरानं नळी आली आणि ती त्याच खोदलेल्या चरात बसवली. पहिल्या लोकांतला एक जण जवळच्या शहरात राहायला गेला होता. तो हंगामाला बसनं यायचा आणि या कोकणातल्या माणसांना, ज्यांनी कधी कुदळ धरली नव्हती, छाटणी शिकवायचा. भाषा एकमेकांना कळायची नाही. "चुकीची फांदी धरली की हातावर चापट मारायचा मेला," मावशी हसून म्हणाली. "पण गोडं पाणी आलं त्या दिवशी तो इथं बसून रडला. आम्ही पाणी पीत होतो आणि तो रडत होता. त्या वर्षापासून ही मूठ इथं ठेवतो."

टाकीपलीकडे एक बुजत आलेली विहीर होती. मावशीनं उरलेला घास तिच्या काठावर ठेवला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "ही त्या पहिल्या लोकांचीही नव्हे. ती बकऱ्या राखणाऱ्या अरबांची. लढाईनंतर त्यांना इकडे येऊ दिलं नाही." ते कुठं गेले हे तिला माहीत नव्हतं. सभेत याबद्दल कुणी बोलत नाही, असंही ती म्हणाली. तिनं हात झटकले आणि आम्ही परतलो.

मी गावी आलो तेव्हा आमच्याकडेही एक चारी होती. कोरडी. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, त्यांनी कितीतरी आधी तापीचं पाणी शेतात आणायचा घाट घातला होता. डिझेलचं इंजिन नदीकाठी बसवलं होतं आणि गावातली दहापाच घरं, भिल्ल वस्तीतले गडी, असे सगळे मिळून दोन उन्हाळे चारी खोदत होते. पाणी एक हंगाम आलं. दुसऱ्या वर्षी पुरात इंजिन वाहून गेलं, पुन्हा कुणी उभं केलं नाही. गाव त्या खड्ड्याला 'आप्पानी चारी', म्हणजे आप्पांची चारी, म्हणायला लागलं. पोरांचा चेंडू तिच्यात गेला की लोक म्हणत, "जाय, आप्पानी चारीमा पव्ही ये," म्हणजे त्या कोरड्या चारीत पोहून ये. आप्पाही हसायचे. मीही हसायचो.

नवी संस्था काढायची म्हणून मारुतीच्या पाराजवळ सभा भरवली. लोक घाबरलेले होते. एकदा फसलेलं काम, पुन्हा कोण जमिनी गुंतवणार? मला वाटलं, फसलेल्या लोकांची गोष्ट सांगितली तर हे उठून जातील. म्हणून लाउडस्पीकरवर मी इस्रायलच्या गावाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "तिथं आधी काहीच नव्हतं. शून्यातून उभं केलं त्यांनी. आपल्याकडेही आधी काही नाही. आपणही शून्यातून करू."

आप्पा पुढच्याच रांगेत बसले होते. ते माझ्याकडे पाहत होते, बोलणं पुढे जाईल याची वाट पाहत. ते पुढे गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी टोपी सारखी केली आणि उठून गेले. त्यानंतर संस्थेच्या एकाही सभेला ते आले नाहीत.

पाइप आम्ही त्यांच्याच चारीत टाकला. उताराची मापं नव्यानं घेतली आणि तज्ज्ञ म्हणाला, ही जी चारी आहे तीच बरोबर आहे, दुसरीकडून नेलंत तर पाणी चढणार नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही. पाणी आलं. पपई आली, केळी आली, गावाचे बोर्ड लागले, बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली. प्रत्येक वेळी मी 'शून्यातून' असंच म्हणालो. पहिल्यांदा ते सभेची गरज म्हणून बोललो होतो. नंतर तोंडातच बसलं.

आप्पा गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, आहेत. नव्वदी ओलांडली असेल. नजर कमी झाली आहे, पण माणूस चालीवरून ओळखतात.

दगडाचा मजकूर लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीशीच अडलो. संस्थेचा आताचा अध्यक्ष माझा पुतण्या. त्याला सांगितलं, आप्पांचं आणि त्यांच्याबरोबर खोदणाऱ्यांचं आधी यायला हवं.

तो म्हणाला, "काका, आते कसाले काढतस जुनं? दगडवर जागा बी कमी शे."

"मग दगड मोठा आण."

"दगड काय शेतमा उगस का?" तो हसला. पण नाही म्हणाला नाही.

मग काकींकडे गेलो. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. सगळं सांगितलं. इस्रायलचं गाव, झाऊची झाडं, चर, टाकीवरची मूठ, आणि मी काय गाळलं ते. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"त्या बाईनी मूठ ठेवी, ती कोनी खादी?" त्यांनी विचारलं.

"पाखरांनी खाल्ली असेल."

"मंग ठीक शे." त्यांनी लसणाचा दुसरा गड्डा फोडला. "तुन्हा आप्पा त्या दिन घर उना, जेवना नही. मी इचारं, काय व्हयनं? म्हने काही नही, पोऱ्या चांगला बोलस." त्यांनी सालं पदरातून झटकली. "चांगला बोलस, इतलंच बोलना त्या."

मी दगडाबद्दल सांगितलं. नावं पहिल्या ओळीत येतील, भिल्ल वस्तीतल्या माणसांचीही, मी स्वतः वस्तीत जाऊन विचारून आणीन.

"दगड मले दिखस नही," काकी म्हणाल्या. "मी काय वाचसू? तू जठे बोलना व्हतास, तठेच बोल. मले आयकू येस अजून."

म्हणून परवा मारुतीच्या पाराजवळ पुन्हा सभा झाली. पुतण्यानं लाउडस्पीकर आणला होता, मी नको म्हटलं. भिल्ल वस्तीतून चार म्हातारे आले होते, त्यांतले दोघे आप्पांबरोबर खोदायला होते. त्यांना पुढे बसा म्हटलं तर ते आपापल्या नातवंडांना घेऊन मागेच बसले. काकींना खुर्चीवर बसवून आणलं होतं, त्याही पुढे यायला तयार नव्हत्या. त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्ची ठेवा म्हणाल्या.

मी उभा राहिलो. इस्रायलच्या त्या गावापासून सुरुवात केली, पण या वेळी ट्रकपासून नाही, तंबूंपासून. झाडं कुणी लावली, टाकी कुणी बांधली, विहीर कुणाची होती आणि त्यांना कुणी परत येऊ दिलं नाही, चर कुणी खोदला आणि पाणी कुणी प्यायलं. मग म्हणालो की आपल्या पाइपची चारी आप्पांची आहे, आणि हे मला पहिल्या सभेतही माहीत होतं. हे शेवटचं मी खाली बघून, हळूच बोललो.

मागून काकींचा आवाज आला.

"जोरमा बोल ना रे. मांगे आयकू येस नही."

मी पुन्हा बोललो. जोरात.