दोन सीटांची गाडी

सेवकराम शेठनं चालत्या गाडीत सांगितलं, "डोमा, मी दोन सीटांची गाडी घेऊन राहिलो," अन् डोमा पुढचा गिअर टाकायचाच विसरला. गाडी नुसती घरघर करत राहिली. सव्वीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

"गिअर टाक ना बे," शेठ म्हणाला.

डोमानं टाकला. पण डोक्यात तेच सुरू झालं. दोन सीटा. एक शेठची, एक शेठाणी रंभाबाईची. मग आपण कुठं?

डोमा म्हणजे शेठचा ड्रायव्हर, एवढंच सांगितलं तर काहीच सांगितलं नाही. मूळचा करडी गावचा, धान लावणाऱ्या घरातला, पण पाय चिखलात कमी अन् ट्रॅक्टरच्या ब्रेकवर जास्त. पंचवीस वर्षांचा असताना शेठच्या सिहोऱ्याच्या राईस मिलवर मेटाडोर चालवायला आला. मग जीप आली, मग पांढरी कार, मग आताची सात सीटांची मोठी गाडी. गाड्या बदलल्या, डोमा तोच. अन् शेठ कधीच मागं बसला नाही. पुढंच, डोमाच्या डाव्या हाताला. ब्रेक लागला की शेठचाही पाय आपोआप खाली दाबला जायचा. कोणत्या पोरीला कोणतं स्थळ आलं, कोणत्या व्यापाऱ्यानं फसवलं, गुडघा कसा दुखतो, सगळं तुमसर ते सिहोरा या रस्त्यावर डोमाला कळायचं. रंभाबाईच्या आधी!

अन् अजून एक. जुनी गाडी घ्यायची असली की करडीपासून सिहोऱ्यापर्यंतचे लोक डोमाला घेऊन जायचे. मोटरसायकल असो की ट्रॅक्टर असो. डोमा वाकायचा, वास घ्यायचा, चटईखाली हात घालायचा, अन् "घे" नाहीतर "नोको घेऊ" एवढंच म्हणायचा. चहाच्या वर काही घेतलं नाही कधी, म्हणून त्याच्या शब्दाला लोक मानायचे. बाकी त्याच्याकडं होतं काय? एक घर, बायको कुंता, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरगी दामिनी, अन् हा शब्द.

तर झालं असं की शेठ रायपूरला साळ्याच्या पोराच्या लग्नाला गेला होता. तिथं कोणीतरी पिवळ्या रंगाची बुटकी गाडी आणली होती, दोनच दरवाजे, दोनच सीटा. शेठला तिच्यात बसवून एक चक्कर मारली अन् शेठ गेला कामातून. "अबे डोमा, पाठीले कोनी तरी मागून ढकलल्यासारखं वाटते! मी साठ वर्षाचा झालो, मले आजवर असं कोनी ढकललं नाई!" बायपासला प्लॉट विकला होता, पैसा होता, हौस आली. आता प्रश्न एकच उरला. मुंबईहून स्वतःच्या पसंतीची नवीन बनवून घ्यायची, का नागपूरला एक तीन वर्षं जुनी उभी होती ती घ्यायची?

नवीनवाला रोज मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायचा. सीटांचा रंग सांगा, शिवणीच्या दोऱ्याचा रंग सांगा, बेल्टचा सांगा, दरवाजा उघडला की खाली काय नाव लिहायचं ते सांगा. शेठ दोन-दोन तास बसायचा. एक दिवस तो माणूस म्हणाला की कोणत्याही वस्तूचा रंग पाठवा, आम्ही गाडीला तसाच देतो. शेठ म्हणाला, "पिकलेल्या धानाचा देता का?" हो म्हणाला. शेठ लगेच, "पन कोनत्या धानाचा? हलक्या का भारी?" तिकडं सगळं चूप! त्या मुंबईच्या बिचाऱ्याला काय माहीत की आधी पिकणाऱ्या हलक्या धानाचा रंग वेगळा अन् उशिरा पिकणाऱ्या भारी धानाचा वेगळा. शेवटी शेठनं कुरिअरनं एक लोंबीच पाठवून दिली.

रंभाबाई आतून ओरडल्या, "अन् मी कुठी बसू? डिक्कीत?"

सगळे हसले. डोमापण हसला. पण त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं, कारण रंभाबाईंनी विचारलं ते निदान विचारता तरी येत होतं.

अन् मग तो दिवस आला. शेठ आजकाल म्हणायचा, सकाळी फिरायला जातो, तू नऊलाच ये. डोमा साडेसहाला दूध आणायला निघाला तर खापा रोडवर एक पांढरी छोटी कार, मागं लाल अक्षरात मोठा एल लिहिलेला, थांबत-थांबत, धक्के खात येत होती. शिकवणाऱ्या क्लासची गाडी. डोमाला असल्या गाड्या पाहून हसू यायचं. यावेळी नाही आलं. स्टीअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, जीभ दातात दाबून सेवकराम शेठ बसला होता.

डोमा चहाच्या टपरीमागं जाऊन उभा राहिला. एक्कावन्न वर्षांचा माणूस लपला! दुधाची कॅन हातात तशीच.

घरी येऊन कुंताला सांगितलं. कुंता म्हणाली, "मंग इचारा ना सरळ त्यायले."

"कसा इचारू वं? सव्वीस वर्षात एक डाव नाई इचारलं का मले ठेवता का काढता."

"नवीन गाडी यायले किती दिवस लागते?"

"चौदा महिने म्हनते तो मुंबईवाला."

"अन् जुनी?"

"आवडली तं सोमवारीच."

कुंता भाकर थापता-थापता थांबली. बोटावर हिशोब केला. "चौदा महिन्यात दामिनीचं शिक्षन होऊन जाते. नोकरीले लागते. मंग त्यायनं काढलं तरी काढलं." मग आवाज खाली करून म्हणाली, "नवीनच घ्या म्हना ना तुमी. तुमचं तं आयकते मालक."

झालं! एवढी साधी गोष्ट. आणि तिथंच डोमाची झोप गेली.

कारण दुसऱ्याच दिवशी शेठ म्हणाला, "चाल नागपूरले. तू पाय ती गाडी. तू घे म्हनशील तं आजच बयाना देतो, नोको म्हनशील तं मुंबईले फोन करतो. मले काई समजत नाई त्यातलं."

विकणारा अंकुश म्हणून तिशीतला पोरगा होता, घराच्या बाजूला शेड टाकून महागड्या जुन्या गाड्या विकायचा. कापड ओढलं अन् खाली राखाडी गाडी. बापरे! डोमाला पहिल्यांदा नुसतं पाहतच राहावंसं वाटलं. त्यानं सवयीनं बॉनेट उघडायला सांगितलं, उघडलं, तर आत इंजिनच नाही! रिकामा खड्डा.

"काका, इंजिन मागं आहे," अंकुश हसत म्हणाला. "ही डिक्की आहे."

"उलटी गाडी आहे बे!" शेठ खुश.

डोमानं मात्र एक तास लावला. इंजिनावर हात ठेवून पाहिला, थंड होतं, म्हणजे आपण यायच्या आधी गरम करून ठेवलं नव्हतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत, जिथं पुराच्या गाळाची रेघ राहते, कितीही धुतलं तरी राहते. कोरा. कारपेटखाली बोटं घातली, कोरडं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर जेवढं घासायला पाहिजे तेवढंच घासलेलं. चारी टायर गाडीच्याच वर्षाचे. एका रिंगला बोटभर ओरखडा, बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही! डोमा प्रत्येक जागी खोट शोधत होता अन् गाडी त्याला प्रत्येक जागी खरी निघत होती. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं की हे देवा, एखादा गंजलेला नट तरी दाखव.

शेठ जवळ आला. "सांग."

दामिनीचा गणवेशातला फोटो डोळ्यापुढं आला. अन् तोंडातून निघून गेलं, "पान्यात बुडालेली वाटते मालक."

वैनगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला अजून काय सांगावं लागतं. शेठनं पुढं एक प्रश्न नाही विचारला. "मंग संपलं," म्हणाला. अंकुश "काका, काय बोलता, कुठं बुडाली" करत मागं आला, पण शेठ गाडीत बसूनही गेला होता.

परतीच्या रस्त्यावर शेठ असा खुशीत, की विचारू नका. मौद्यापर्यंत दोऱ्याच्या रंगाच्या गोष्टी. "बरं झालं तू होता रे. मी तं भुललोच होतो. फसलो असतो." हे असं एकदा नाही, चारदा म्हणाला. डोमाला वाटत होतं त्यानं दोन थापडा माराव्या, पण हे म्हणू नये.

जवाहरनगरच्या वळणापाशी फॅक्टरीच्या बसा एकामागं एक निघत होत्या. गाडी थांबवावी लागली. शेठनं डोमाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "तुह्या शब्दावर मी डोये मिटून राहू शकतो."

बस्स. डोमानं गाडी बाजूला घेतली, बंद केली.

"काय झालं गा? पंक्चर?"

"मालक, गाडी चांगली आहे."

"हे? हे तं चांगलीच आहे."

"हे नाई. ते. नागपूरची. पान्यात नाई बुडाली. हिरा आहे हिरा. मी खोटं बोल्लो."

शेठ बघतच राहिला. बसा हॉर्न वाजवत जात होत्या.

"काहून?"

मग डोमा एका दमात बोलला. कुठं थांबायचं त्याला कळेना. दोन सीटा, खापा रोड, एल लिहिलेली गाडी, चौदा महिने, दामिनीचं शेवटचं वर्ष, कुंताचं नाव मात्र नाही घेतलं. शेवटी म्हणाला, "मले काढाचं असन तं काढा, पन मले असं वागवू नोका का मी शहाना आहो. मी आज चोर आहो."

शेठचा चेहरा लाल झाला. "थांब. तुले कोन म्हनलं तुले काढून राहिलो?"

"दोनच तं सीटा आहे."

"मंग? एक तुही, एक माही! किती पाहिजे तुले?"

"अन् रंभाबाई?"

"थे त्या बुटक्या गाडीत बसनार आहे का? तिनं मंग सांगून टाकलं, माह्यानं खाली वाकवत नाई."

"मंग तुमी शिकून काहून राहिले?"

शेठ खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू मिलवर पडला होता, डेंग्यूनं. आठवते? नसन आठवत, तू शुद्धीत नव्हता. सगळे ड्रायव्हर गावाले गेले होते. ही एवढी मोठी गाडी अंगनात उभी, चाबी माह्या हातात, अन् मी नुसता उभा. तुले धानाच्या ट्रॅक्टरवर टाकून नेलं भंडाऱ्याले. रस्ताभर तुहं डोस्कं मी धरून होतो, तरी आपटत होतं." शेठनं नाक पुसलं. "म्हून शिकून राहिलो. अकरा दिवस झाले, रिव्हर्स नाई जमत अजून. अन् त्या रॉकेटले मी चालवीन म्हनते हा!"

डोमा स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. छातीवर इतके दिवस कोणी धानाचं पोतं ठेवलं होतं अन् आज उचललं, असं त्याला झालं.

शेठनं त्याला रडू दिलं. मग चिडला. खराखुरा चिडला. "मले खोटं सांगतलं ते माफ. पन गाडीले कायले बदनाम केलं? त्या पोट्ट्यानं तुहं काय केलं होतं? पलटव गाडी."

"आता?"

"आत्ता. तूच सांगशील त्याले."

पन्नास किलोमीटर मागं. अंकुशच्या शेडमध्ये पोहोचले तर सगळ्या चटया बाहेर, सीट सुटलेली, अन् अंकुश टॉर्च घेऊन गाडीत आडवा पडलेला. डोमाला पाहून उठला. घामानं निथळत होता. "काका, दोन तास झाले पाणी शोधून राहिलो! कुठं दिसलं तुम्हाला?"

डोमानं हात जोडले. "कुठीच नाई भाऊ. मी खोटं बोल्लो. गाडीत काई नाई, खोट माह्यात होती."

अंकुशला आधी राग आला, मग हसू, मग परत राग. "काका, माझे गुडघे सोलले ना!" म्हणाला. डोमानं पाना उचलला अन् सीट बसवायला लागला. अंकुश दुसऱ्या बाजूनं बसवायला लागला. अर्ध्या तासात गाडी पहिल्यासारखी.

"आता खरं सांग," शेठ म्हणाला. "नवीन का ही?"

"हीच घ्या." डोमा आता एकदम सुटा बोलत होता. "नवीनवर पयला ओरखडा पडला का तुमी आठ दिवस जेवनार नाई. अन् आपल्या मिलच्या गेटपाशी तो पडनारच. इच्या रिंगले आधीच पडून आहे, म्हनजे आपल्याले भेव नाई. पन गेटसमोरची नाली बुजवा लागन, नाई तं पोट घासते इचं."

"बुजवू," शेठ म्हणाला. मुंबईचा फोन वाजत होता, तो त्यानं कापला. बयाना दिला.

येताना मौद्याला हॉटेलात थांबले. डोमानं भजी मागवली, मग सावजी रस्सा अन् भाकर, मग भात, मग परत भाकर. शेठ समोर नुसता पाहत होता. तेवढ्यात कुंताचा फोन आला, घाबरलेला आवाज.

"काय झालं जी? किती उशीर! काय झालं?"

तोंडात घास होता, तसाच डोमा हसायला लागला. "काई नाई झालं वं," म्हणाला. "काईच नाई झालं. तू जेवून घे."