मला सगळे रंग दिसतात

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं ती माझी धाकटी बहीण वर्षा — तिच्याशी तर मी नेहमी फोनवर बोलतो. पावसापाण्याचं, तिच्या पोराच्या सर्दीचं. हे सोडून सगळं बोलतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही म्हणा.

परभणीला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा मी हवाई दलात अधिकारी होण्यासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा पास झालो. आमच्या पोखर्णीवरून विमान जायचं ते फार उंचावरून. त्यात बसलेलं कोणी गावात नव्हतं. त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आल्यावर बाकीचं सगळं गावाने आपल्या मनानेच उरकून टाकलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नरसिंहाला नारळ फोडला. पारावरची मंडळी 'साहेब' म्हणायला लागली. आणि मी? मी कोणालाच थांबवलं नाही. गोड लागत होतं ना.

निवड म्हैसूरला होती. ती पाच दिवस चालते, पण पहिल्याच दिवशी एक चाळणी लागते. एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग सगळ्यांनी गोलात बसून चर्चा करायची. चर्चा सुरू झाली — आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. इंग्रजी येत नव्हतं असं नाही. बाकीची पोरं एकमेकांचं बोलणं तोडत होती आणि मी शहाण्यासारखा माझी पाळी यायची वाट बघत बसलो. तिथे पाळी कोण देतं? दुपारी नावं वाचली. माझं नव्हतं. बसने स्टेशनवर आणून सोडलं.

त्याच दिवशी निघायला हवं होतं. पण मग गावाला कळलं असतं की साहेब पहिल्याच चाळणीतून खाली पडले. म्हणून मी स्टेशनजवळच्या लॉजवर उरलेले दिवस काढले. भिंतीकडे बघत एकच विचार करत होतो — ज्यात माझी चूक नसेल असं कारण कोणतं?

घरी येऊन म्हणालो, सगळ्यात पास झालो, पण डॉक्टरांनी डोळे तपासले. लाल-हिरव्याच्या छटा मला नीट ओळखता येत नाहीत म्हणे. खरं तर ती तपासणी नंतर होते, दुसऱ्या गावी. आमच्या घरी हे कोणाला ठाऊक असणार?

आई रडली. अण्णा नांदेडच्या डॉक्टरकडे नेतो म्हणाले, मी उडवून लावलं. पारावर सगळे हळहळले, आणि ती हळहळ मला बरी वाटली. वर्षा मात्र तेव्हापासून माझे डोळे झाली. कापडाच्या दुकानात हळूच कानाशी सांगायची, "दादा, ह्यो मेंदी रंग हाय, तपकिरी न्हाई." मी मान डोलवायचो. लाज वाटायची का? आधी वाटायची. मग सवय झाली — आणि ते जास्त वाईट, नाही का?

हे खोटं माझ्यापुरतंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग वर्षाला पूर्णेचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत इंजिनावर, त्याचे वडीलही ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झालेले. मुलगा तिला मनापासून आवडला होता. फोनवर बोलताना ती हसायची, ते हसणं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. माणसं सुपारी फोडायला घरी आली. चहा झाला. आणि वर्षा, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "एक सांगायचं राह्यलं. दादाला लाल-हिरवं ओळखू येत न्हाई. आमच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणल्या, हे आईकडून लेकाला येतं. माझ्या लेकराला पण येऊ शकतं."

मी तिथेच होतो. हातात सुपारीचं ताट होतं.

मुलाच्या वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, सांगितलंस ते लय चांगलं केलंस. पन आमच्या घरची भाकर सिग्नलच्या रंगावर हाय. नातवाला ती वाट बंद करून कसं चालंल?" मुलगा काहीतरी बोलायला गेला, पण वडील उठून उभे राहिले.

एक वाक्य पुरलं असतं. मला सगळे रंग दिसतात — एवढंच. तिच्या साडीचा डाळिंबी रंग मला स्वच्छ दिसत होता. म्हैसूरला निदान समोर अनोळखी माणसं होती. इथे माझी बहीण होती. मी ताट खाली ठेवलं आणि पाहुण्यांच्या चपला सरळ करायला बाहेर गेलो.

ती माणसं गेल्यावर वर्षा माझ्याजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. "दादा, तू मनाला लावून घेऊ नको," म्हणाली. "त्यात तुझा काय दोष?"

नंतर तिचं लग्न सेलूला झालं. त्या घरीही तिने आधी हे सांगितलंच. नवरा बरा आहे, कष्टाळू आहे. पण तसं हसताना मी तिला पुन्हा ऐकलेलं नाही. तिला मुलगा झाला, तेव्हापासून ती धास्तावलेली होती. तो बोलायला लागल्यावर त्याच्यासमोर टोमॅटो, मिरच्या, बांगड्या मांडून बसायची, असं तिची सासू सांगायची.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आनंदाने रडत होती. "दादा, डॉक्टरकडून तपासून आणलं. पोराला समदे रंग दिसायलेत!"

मी म्हणालो, "बरं झालं."

मग तिने आवाज खाली केला. "तुला वाईट तर न्हाई ना वाटलं, दादा?"