डीपी जळाला आणि आत्या राहिली

उघडून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेऊन जन्मलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे माझी धाकटी आत्या. पेडगावच्या घरात तिनं घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला आणि एकदा तर तिला बघायला आलेले पाहुणे जेवत असताना त्यांची मोटारसायकल उघडली. पाहुणे बसनं गेले. गाडी तिनं नंतर जोडून दिली, ती आधीपेक्षा बरी पळायची म्हणे, पण सोयरीक काही जुळली नाही.

ती इंजिनिअर होणार हे गावानंच ठरवून टाकलं होतं. बारावीचे मार्क इंजिनिअरिंगला पुरले, पुण्याच्या एका संशोधन संस्थेला पुरले आणि मेडिकललाही पुरले. मास्तर असलेल्या माझ्या आजोबांनी मनातल्या मनात दारावर इंजिनिअरची पाटीसुद्धा लावली होती. आत्यानं मेडिकल घेतलं. का, तर आजोबांना म्हणाली, "दादा, मशीन खरं बोलतंय. माणसं लबाड बोलत्यात. हुडकायची मजा माणसातच हाय." आजोबांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच तिची ट्रंक पुसायला बसले.

ताडकळसला दवाखाना टाकला, तरी खोड गेली नाही. साध्या सर्दीवाल्यालाही ती विहिरीचं पाणी, चुलीचं सरपण, झोपायची दिशा असं सगळं विचारते. लोक काकुळतीला येऊन म्हणतात, "बाई, सुई द्या अन् सोडा की!" सांगायची रीतही तिचीच. पोट म्हणजे पिठाची गिरणी, मूत्रपिंड म्हणजे गाळणी आणि हृदय म्हणजे विहिरीवरची मोटर. चिठ्ठीमागे ती चित्र काढून देते, आणि लोक ते देवाच्या फोटोशेजारी लावतात.

पेशंटच्या या चौकशांनी तिच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या. त्या वाचून, बारावीनंतर तिनं नाकारलेल्या त्याच पुण्याच्या संस्थेनं तिला संशोधनाला बोलावलं. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्या आठवड्यात आत्या गुणगुणत होती. तिला गाता येत नाही हे मला तेव्हाच कळलं. पुस्तकांची खोकी मीच बांधली.

निघायला चार दिवस उरले असताना एक म्हातारे शेतकरी धापा टाकत आले. पाय सुजलेले. हृदयाच्या गोळ्या तिनंच सुरू केल्या होत्या. आत्याला लबाडीचा वास आला.

"मामा, गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या की, डॉक्टरीणबाई. लाइट असली की घेतोच."

"लाइटीचा काय संबंध?"

"आता तुमीच म्हणले, काळीज म्हंजे मोटर. लाइट न्हाई तर मोटर चालू करून काय फायदा? अन् आठ दिस झाले, शिवारातला लाइटीचा डीपी जळालाय."

आम्ही त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपीवर, गेलो. मोटरच्या स्टार्टरशेजारी खिळ्याला गोळ्यांची पिशवी टांगलेली होती, वर आत्यानंच काढून दिलेलं मोटरचं चित्र चिकटवलेलं. मला हसू फुटलं, पण आत्याचा चेहरा पाहून गिळलं. "हे लबाड बोलले न्हाईत," ती म्हणाली. "चूक माझीच हाय."

म्हाताऱ्यांना तिनं दवाखान्यातच ठेवून घेतलं. घड्याळ लावून, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हातानं गोळ्या दिल्या. सूज उतरेपर्यंत पंधरा दिवस गेले आणि त्यातच एक तारीखही गेली. पुण्याला तिनं फोन केला, तर जागा भरली होती. खोकी मीच सोडली. आयुष्यात इतकं जड काम मी केलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती टेबलफॅन उघडून बसली होती. मी धीर करून विचारलं, "आत्या, वाईट वाटतं का गं?"

"वाटतंय की. लाइट गेली की लय वाटतंय."

फॅन जोडून होतोय तोच लाइट गेली. आत्या पेचकस हातात तसाच धरून फॅनचं पातं बोटानं फिरवत बसली. मला तिचा अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. इतक्यात दारात काठी वाजली. तेच म्हातारे, हातात दह्याचं मडकं.

"डॉक्टरीणबाई, लाइट गेली, तरी गोळी घेतली बरं का!"

आत्या हसली. खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं, नाडी धरली. दुसऱ्या हातातला पेचकस मात्र बराच वेळ तिनं खाली ठेवला नाही.