होल्डचं बटण

बाबांचा दम कुठे संपतो ते मला त्यांच्या पाठीवरून कळतं. मी शाळेत होते तेव्हापासून पेटी घेऊन त्यांच्या मागे बसत आले. दम संपत आला की त्यांचा उजवा खांदा वर जातो आणि भात्यावरचा माझा डावा हात आपोआप हलका होतो. ते थांबले की पेटी थांबते, ते निघाले की निघते. यात शिकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बाबांना फुप्फुसाचं दुखणं झालं. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टर म्हणाले, गा, पण दम लागला की थांबा. एवढ्या भांडवलावर बाबांनी जयंतीच्या कार्यक्रमाला होकार देऊन टाकला. जुन्या शहरातल्या आमच्या वस्तीत जयंतीच्या संध्याकाळी भीमगीतं तेच गातात, आणि यंदा त्यांच्याच्यानं होत नाही म्हणे, ही कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. माझा तर जीव तेव्हापासूनच टांगणीला लागला.

त्यात आमच्या ढोलकीवाल्या आतेभावाने नवं खूळ काढलं. "पेटी आता कोन आयकते? सगळ्या पार्ट्यायकडं कीबोर्ड आला," म्हणत त्याने एक सिंथेसायझर माझ्यासमोर आणून ठेवला. मी अमरावतीला शाळेत शिकवते. ते धूड बसमधून अमरावतीला नेलं आणि शाळेतून आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला बसले.

त्यात अर्पेजिओ नावाचा प्रकार होता. डाव्या हाताने तीन स्वर एकदम दाबून धरायचे. यंत्र ते सुटे करतं आणि ठरलेल्या लयीत एकामागून एक वाजवत राहतं, सा-ग-प, सा-ग-प. ऐकायला गोडच. पण माझ्या डाव्या हाताला भात्याची खोड. तो दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, आणि अर्पेजिओ दर वेळी अडखळून पहिल्या स्वरापासून सुरू व्हायचा. व्हिडिओतला माणूस हसत म्हणाला, होल्डचं बटण दाबा, मग हात उचलला तरी चालू राहील. मी दाबलं. खरंच चालू राहिलं. हात मांडीवर ठेवून मी ते ऐकत बसले. हे बाबांसाठी थांबणार कसं?

व्हायचं तेच झालं. रविवारी ते धूड घेऊन अकोल्याला गेले, घुरघुरणाऱ्या कूलरसमोर आम्ही सराव करत होतो. बाबा ओळीच्या मध्येच थांबले. ढोलकी थांबली. यंत्र मात्र सुसाट पुढे. परत शिरायला बाबांना जागाच सापडेना.

"हे तं तुयापेक्षा हट्टी हाय वं," बाबा म्हणाले. सगळे हसले. मला रडू येत होतं. वस्तीसमोर असं झालं, तर यंत्र पुढे गेलं आणि बाबा मागे राहिले, एवढंच लोक बघणार होते.

मग होल्डचं नावच टाकलं. बाबा गातील तोवर दाबून धरायचं, खांदा वर गेला की बोटं उचलायची. अमरावतीत भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या जुन्या शर्टाकडे बघत मी हा सराव केला, हसा खुशाल. स्टाफरूममध्ये वह्या तपासताना टेबलावर माझी बोटं उचलली जायची. पुढच्या रविवारी बाबा थांबले तसं सगळं एकदम थांबलं, नुसता कूलर तेवढा घुरघुरत राहिला. "जमलं," आतेभाऊ म्हणाला. जमलं होतं, तरी परतताना मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत बसमध्ये मला सारखं वाटे, काहीतरी राहून गेलंय.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. बाबा पांढऱ्या शर्टात माइकसमोर उभे, मी त्यांच्या मागे. पहिली दोन गाणी सुरळीत झाली. तिसऱ्या गाण्यात, सगळ्यांना पाठ असलेल्या ओळीच्या मध्यावर, खांदा वर गेला. मी बोटं उचलली. ढोलकी थांबली.

आणि त्या शांततेत बाबांचा श्वास ऐकू आला. घरघर, घरघर, माइकमधून भोंग्यांत आणि भोंग्यांतून मैदानभर. घरी तो कूलरच्या आवाजात बुडाला होता, इथे झाकायला काही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर पदर धरला. जे लोकांपासून लपवायचं होतं ते मीच, इतका सराव करून, त्यांना ऐकवलं होतं.

बाबांनी माइकवर तळवा ठेवला आणि मागे वळले. "कावून थांबली वं? वाजव. मी येतो मांगून."

मी दाबलं. सा-ग-प, सा-ग-प. घरघर त्याखाली गेली. ढोलकी लागली. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. खांदा वर जात होता, खाली येत होता, पण बाबा काही येईनात. मग त्याच पदरवाल्या बाईने ओळ उचलली. तिच्या शेजारणींनी धरली, मागच्यांनी धरली, आणि बघता बघता सगळं मैदान गाऊ लागलं. बाबा माइकपासून जरा बाजूला सरकले आणि टाळ्या वाजवू लागले.

गाणं लोकांनीच संपवलं. ढोलकीची शेवटची थाप पडली, टाळ्याही थांबत आल्या, तरी यंत्र वाजतच होतं. होल्डला मी हात लावला नव्हता. बोटं उचलली तर तो श्वास पुन्हा ऐकू येईल, या भीतीने ती माझ्याच्याने उचलवेनात.

बाबा मागे आले. माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"उचल आता," ते म्हणाले.