हद्दीपाशी संपलेला बांध

एनिड कॉवुडच्या परसातला कपडे वाळत घालायचा खांब गेल्या हिवाळ्यात कड्यासकट समुद्रात गेला. या हिवाळ्यात पाळी घराची होती. यॉर्कशरच्या त्या किनाऱ्याला कडे आहेत ते नुसत्या मातीचे.

दोष समुद्राचा थोडा, एनिडचा जास्त. ती तरुण असताना सरकारने जिल्ह्याचं पिढीजात नाव पुसून हंबरसाइड असं नवं बारसं केलं, तेव्हा सगळ्यांचाच तिळपापड झाला. त्याच धांदलीत तिचं चिमुकलं स्कॉगबी शेजारच्या आल्डविकमध्ये विलीन करायचं घाटत होतं. एनिड दारोदार फिरली. "जिल्हा गेला तो गेला, आता त्या मासळीवाल्यांच्या दावणीला बांधून घ्यायचं?" गावाने तिचं ऐकलं. स्कॉगबी वेगळं राहिलं, चर्चच्या पटांगणात चहा-केक झाला. हौस फिटली.

पुढे जिल्ह्याचं जुनं नाव परत आलं. किनाऱ्याला धोंड्यांचा बांधही आला, पण तो आल्डविकपुरता, कारण वस्ती तिथे. बांध हद्दीपाशी संपला. लाटांबरोबर येऊन कड्याला आधार देणारी वाळू त्याच्यामागेच अडू लागली आणि उघड्या स्कॉगबीचा कडा पूर्वीपेक्षा भराभर ढासळला. तीन घरं उरली.

शेवटी एनिड आल्डविकच्या गावसभेत गेली. "आम्हाला तुमच्यात घ्या," ती म्हणाली, "म्हणजे बांध पुढे नेता येईल."

अध्यक्ष क्लिफर्ड, मासे तळून विकणारा, तिच्याच वर्गातला. "अगं एनिड, तेव्हा आमच्या अंगाला मासळीचा वास येत होता ना? आता कसा गेला?"

सभा हसली. एनिडही हसली. "हसून घे मेल्या. पण माझं घर वाचव."

"तुमची तीन घरं घेतली, की आमच्या बांधाच्या डागडुजीचा पैसा तिकडे वळणार. आम्ही काय करायचं?"

तिच्या बाजूने एकही मत पडलं नाही. क्लिफर्डने स्वतः तिचा कोट आणून दिला. "राग धरू नकोस."

"कसला राग? तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. वर केकही वाटला असता."

घर कोसळायच्या आत जिल्ह्याच्या बांधकाम खात्याच्या माणसांनी येऊन ते पाडलं. एनिडला सरकारी खोली मिळाली ती आल्डविकमध्येच, बांधाच्या आड. तिथे तिला गाढ झोप लागते, आणि याचीच तिला शरम वाटते.